निदर्शनास आले आहे की

सत्तावीस वर्षं भोसरीच्या ह्या कारखान्यात
टाइम ऑफिसच्या खिडकीशी बसून
मी एकाच वाक्याने सुरुवात केली:
व्यवस्थापनाच्या असे निदर्शनास आले आहे की.
काय काय आलं निदर्शनास!
बुटांशिवाय प्रेसवर उभं राहणं,
ताटात भात टाकून देणं,
संडासात विडी.
टाइप करायचो, शिक्का मारायचो,
काचेच्या फळ्याचं कुलूप उघडून
चार कोपरे, चार टाचण्या,
पुन्हा कुलूप.
किल्ली माझ्याच जुडग्यात, घराच्या किल्लीशेजारी.

फळ्याला कुणी कधी काही विचारलं नाही.
एकदाच काचेवरच्या धुळीत
बोटाने कुणीतरी लिहिलं होतं, 'बरं.'
मी फडक्याने पुसलं.

मग एचआरमध्ये आली मृण्मयी खासनीस.
म्हणाली, वाळिंबे काका, आता सगळं फोनवर.
कंपनीचंच ॲप, फेसबुकसारखं,
साहेबही त्यात, झाडूवालेही त्यात,
कुणीही लिहावं, कुणीही उत्तर द्यावं.
पहिला आठवडा गेला
गुलाबांवर छापलेल्या सुप्रभातात,
गव्हाण्याच्या नव्या बुलेटला एकशे बारा अंगठे,
आणि उसळीत सापडलेला खडा,
पाचाच्या नाण्याशेजारी ठेवून काढलेला फोटो.
प्लँट हेडनी त्या खड्यालाही अंगठा दिला.
चुकून असेल.

मंगळवारी मी माझी पहिली सूचना टाकली:
'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की
दुसऱ्या पाळीची मोशी मार्गावरील बस
एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे.'
शिक्का कुठे मारायचा ते सापडलं नाही.

दोन मिनिटांत खाली उमटलं,
पॅकिंगच्या नूरजहाँ तांबोळी:
'कोण बंद करतंय?'

कोण.
सत्तावीस वर्षांत हा शब्द
माझ्या वाक्यांच्या वाटेला गेला नव्हता.
कळविण्यात येते, कापण्यात येईल, करण्यात आले,
माझ्या कर्मणी प्रयोगात
कर्त्याने कधी तोंड दाखवलं नाही.
बस आपली आपण बंद व्हायची,
पगार आपला आपण कापला जायचा,
जशी संध्याकाळ होते.

लिहायला घेतलं. खोडलं. पुन्हा घेतलं.
मला कुठे ठाऊक
की 'वाळिंबे लिहीत आहेत...'
असं तिकडे सगळ्यांना दिसतं,
तीनशे चाळीस फोनांवर,
अकरा मिनिटं!
टूल रूममधून ढमढेरे ओरडला म्हणे,
'अरे, वाळिंब्याने कादंबरी काढली लिहायला!'

गेलं ते एवढंच:
'मला माहीत नाही. मी विचारतो.'

तिचं उत्तर:
'साडेअकराला सुट्टी होते.
फाट्यापासून आत दोन किलोमीटर, लाइट नाही.
लवकर विचारा.'

वर गेलो. जिना तोच, तरी गुडघे कुरकुरले.
वरच्यांना वाटत होतं, हे खालून आलंय.
ठेकेदाराच्या बिलावर पेन्सिलने
कुणीतरी लिहिलं होतं, 'पुनर्विचार व्हावा',
आणि तो होत होत
माझ्या टेबलापर्यंत बंद होऊन पोचला होता.
मी पेन्सिलीचं अक्षर ओळखतो.
ओळखलं.

बस चालू आहे. मागचा एक दिवा फुटका,
ड्रायव्हर रेडिओ मोठा लावतो, त्याचीही तक्रार आलीये.
मार्चनंतरचं कुणी सांगत नाही.
कुणी म्हणजे, घैसास साहेब सांगत नाहीत.
शिकतोय हळूहळू.

फळा अजून गेटजवळ आहे.
आत कधीतरीची सुट्ट्यांची यादी, पिवळी,
आणि काचेमागे पालीचं पिल्लू.
कुठून शिरलं कोण जाणे,
किल्ली तर माझ्याकडे.